पडदे, घरगुती (खान्देश)

दार किंवा खिडकीवर दांडीला अडकवून सोडलेले आणि हाताने बाजूला सारता येणारे कापड म्हणजे पडदा. शब्द मुळात फारसी, पण मराठीत इतका मुरलेला की त्याला दुसरा सोपा प्रतिशब्द कोणाला चटकन आठवत नाही. खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, पडदा आधी उन्हासाठी आला, मग आडोशासाठी, आणि शोभेसाठी अगदी अलीकडे. घर देखणे दिसावे म्हणून पडदे निवडताना हा क्रम विसरला, की दिवाळीत घेतलेला सुरेख पडदा चैत्र लागताच गुंडाळून माळ्यावर जातो.

जुन्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांना खिडकीच्या पडद्याची गरजच नव्हती. मातीच्या जाड भिंती, वर मातीचेच धाबे आणि हवेपुरते झरोके असले की ऊन आत येणार कुठून? पडदा असलाच तर ओसरी आणि माजघर यांच्या मधल्या दाराला, तोही बहुधा जुन्या लुगड्याचा. उन्हाळ्यात (अहिराणीत ‘उन्हाया’) दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या किंवा ओले गोणपाट लावायचे आणि दुपारभर त्यांवर पाणी मारत राहायचे, ही पद्धत ज्यांना परवडे त्यांच्याकडे होती. कोरडी हवा ओल्या ताटीतून आत येताना पाण्याची वाफ होते आणि हवेतली उष्णता त्यात खर्ची पडते. आजचा कूलर हीच ताटी पंख्यासह पेटीत बसवतो. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की दोघांचाही उपयोग संपतो.

सिमेंटची घरे आली, भिंती नऊ इंचांवर उतरल्या, खिडक्या चार-चार फुटी झाल्या, काचा सरकू लागल्या आणि पडदा अपरिहार्य झाला. प्लास्टिकच्या नळीतली स्प्रिंगची तार दोन हुकांना ताणून तिच्यावर नेफ्याचा पडदा सरकवायचा, ही मधल्या काळातली सोय. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत वा कोणत्याही सरकारी वसाहतीत वाढलेल्यांना ती तार आठवत असेल. काही महिन्यांत ती मधोमध झोळ धरायची आणि पडदा कायम ओशाळल्यासारखा दिसायचा.

दिशा आणि ऊन

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४२ ते ४५ अंशांत राहतो, कधी त्याच्याही पुढे जातो. म्हणून कापड पाहण्याआधी खिडकीची दिशा पाहावी. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २५ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि पुढे जुलैच्या मध्यापर्यंत किंचित उत्तरेकडून जातो. ऐन उन्हाळ्यात तो उगवतो ईशान्येकडे झुकून आणि मावळतो वायव्येकडे झुकून. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत त्या दिवसांत ऊन जवळजवळ शिरतच नाही. ते शिरते हिवाळ्यात, आणि तेव्हा हवेसेच असते. उत्तरेची खिडकी मात्र सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिरप्या उन्हात सापडते. ‘दक्षिण तापते’ म्हणून त्या बाजूला जाड पडदे लावणारी घरे बरीच दिसतात. जाड कापडाची खरी हकदार पश्चिमेची खिडकी आहे.

तिथेही एक मर्यादा आहे. पडदा काचेच्या आत असतो. ऊन काचेतून आत आलेले असते, पडदा ते अडवतो आणि स्वतः तापतो. काचेकडच्या बाजूला पांढरे किंवा फिकट अस्तर असेल तर बरेचसे ऊन परत फेकले जाते, गडद कापड ते पिऊन घेते. सगळ्यांत चांगला उपाय काचेच्या बाहेरचा : बांबूची चीक (काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा), ग्रीन नेट किंवा प्लास्टिकची चटई. जळगाव हे प्लास्टिक चटयांच्या कारखान्यांचे गाव, त्यामुळे गॅलरीत आडवी टांगलेली रंगीत चटई इथे कोणाला खटकत नाही. बाहेर चीक असली की आतला पडदा केवळ देखणेपणासाठी निवडता येतो, ही शोभेच्या दृष्टीनेही मोठी सवलत आहे.

कूलरची खिडकी

सजावटीचे सल्ले ज्या घरांसाठी दिले जातात, त्या घरांत खिडकीला कूलर नसतो. खान्देशात तो असतो, आणि बाहेर स्टँडवर बसून तोंड खिडकीत घालतो. त्या खिडकीला जमिनीपर्यंतचा झुळझुळीत पडदा लावला तर कूलर सुरू होताच तो फडफडतो, जाळीला चिकटतो, ओला होतो आणि पावसाळा संपेपर्यंत त्याच्या कडेला बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात. इथे पडद्याचे दोन पाखे, म्हणजे दोन भाग, करून ते पट्ट्याने बाजूला बांधावेत, किंवा फाल्गुनात लांब पडदे उतरवून सुती आखूड जोड चढवावा.

कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेव्हा तेवढीच हवा बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवतात ती याचसाठी. तिच्यावर अस्तराचा जड पडदा असेल तर हवा कोंडते, खोली चिकट होते आणि दोष कूलरच्या माथी जातो. त्या खिडकीला नेट किंवा विरळ विणीचे सुती कापड पुरे.

कापड

कापसाच्या या मुलखात जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल अशी नावे एकेकाळी कापडावर असत. आज जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर पडद्याचे कापड मागितले, तर पुढ्यात येते ते बहुतेक पॉलिस्टर. ते चुरगळत नाही, लवकर वाळते, रंग बऱ्यापैकी टिकवते आणि स्वस्त पडते. सुती कापड उजेड छान गाळते, पण धुतल्यावर आटते आणि उन्हात विटते. शंभर इंचाला तीन-चार इंचांची घट धरावीच लागते. म्हणून सुती कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे. शिंपी ‘गरज नाही’ म्हणाला तरी घ्यावे.

रंगाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. भिंतीच्याच रंगाची एखादी छटा गडद किंवा फिकट घेतली की चूक होत नाही. मोठी फुले छोट्या खोलीत अंगावर येतात. शेतावरून, रस्त्यावरून येणारी काळ्या मातीची धूळ शुभ्र कापडावर आठवड्यात दिसते. मातकट, राखाडी, मोतिया रंग तिला सांभाळून घेतात.

माप

पडदा महाग आहे की स्वस्त हे दारातून आत येणाऱ्याला कळत नाही. तो आखूड आहे, हे मात्र लगेच कळते. देखणेपणा मोजपट्टीत असतो, आणि नेमके तिथेच घाई होते.

समजा खिडकी ४ फूट रुंद आहे. दांडी तेवढीच घेतली तर सारलेला पडदा काचेवरच गोळा होतो आणि खिडकी अर्धी दिसते. दोन्ही बाजूंना ८-८ इंच सोडून ६४ इंचांची दांडी घ्यावी; पाखे भिंतीवर सरकतात आणि खिडकी आहे त्याहून मोठी भासते. आता चुण्या. कापडाची रुंदी दांडीच्या दुप्पट तरी हवी, म्हणजे १२८ इंच. पडद्याच्या कापडाचा पन्ना, म्हणजे ठाणाची रुंदी, सहसा ४८ इंच असतो. दोन पन्ने घेतले तर ९६ इंच होतात, दीडपट. पडदा ओढल्यावर चादर वाळत घातल्यासारखा सपाट दिसतो. तीन पन्ने घ्यावेत आणि एक उभा चिरून दोन्हीकडे जोडावा. शिंप्याच्या भाषेत हा ‘दीड-दीड पन्ना’. जोड नेहमी भिंतीकडच्या बाजूला घ्यायला सांगावे, नाहीतर उजेडात शिवण मधोमध उभी दिसते.

उंचीचे गणित असे. लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, साधारण ७ फुटांवर असते. दांडी त्याच्या ५ इंच वर लावली तर ती जमिनीपासून ८९ इंचांवर येते. पडदा जमिनीपासून अर्धा इंच वर थांबावा. बाजारातला तयार पडदा ५, ७ किंवा ९ फुटांचा असतो. ७ फुटी म्हणजे ८४ इंच, तो इथे चार-पाच इंच कमी पडतो आणि पाण्यातून चालताना वर खोचलेल्या धोतरासारखा दिसतो. अशा वेळी ९ फुटी घेऊन खालून कापून घ्यावा. शिवून घेतल्यास खालची ४ इंची दुमड, वरची पट्टी आणि आटण्याची सूट धरून एका पन्न्याला सुमारे २.६ मीटर, तिघांना मिळून पावणेआठ मीटर कापड लागते. खालची दुमड कंजूषपणे घेऊ नये. तिच्याच वजनाने पडदा सरळ पडतो.

खिडकीखाली दिवाण किंवा ओटा असेल तर जमिनीचा हट्ट सोडावा आणि चौकटीच्या खाली ६ इंच येईल इतका पडदा ठेवावा. चौकटीशी बरोबर संपणारा किंवा भिंतीच्या मध्यावर लोंबणारा पडदा मात्र कुठेच शोभत नाही.

टांगणी

कड्यांच्या पडद्याला, म्हणजे ज्याच्या वरच्या पट्टीतच दांडी ओवायच्या गोल कड्या बसवलेल्या असतात त्याला, कड्या सम संख्येत हव्यात, एका पन्न्याला बहुधा ८. तरच पहिली आणि शेवटची घडी दोन्ही भिंतीकडे वळतात. विषम असल्या की एक कड खोलीत डोकावत राहते. दांडी ६ फुटांपेक्षा लांब असेल तर मधे तिसरे ब्रॅकेट लागते आणि कड्या ते ओलांडून जात नाहीत, हे आधीच लक्षात घ्यावे.

भोके पाडताना लेव्हल बाटलीने दोन्ही खुणा तपासाव्यात. छताकडून माप घेतले तर फसगत होते, कारण स्लॅब सगळीकडे सारखा नसतो. लिंटेल काँक्रीटचे असल्याने साधे ड्रिल तिथे नुसते गुरगुरते; हॅमर ड्रिल लागते. बटनांच्या बोर्डाच्या सरळ वर भोक पाडू नये, आत वायरीची नळी असू शकते. जुन्या मातीच्या भिंतीत प्लास्टिकची गुट्टी धरत नाही. तिथे लाकडी खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू आवळतात, किंवा थेट लाकडी चौकटीचाच आधार घेतात.

पडदा चढवल्यावर लगेच ओढून पाहण्याचा मोह होतो. त्याऐवजी पाखे बाजूला सारून हाताने वरपासून खालपर्यंत चुण्या पाडाव्यात आणि दोन-तीन ठिकाणी कापडी पट्टीने सैल बांधून तीन दिवस तसेच ठेवावेत. सोडल्यावर कापड त्याच घड्या धरते. दुकानातल्या पडद्याला जो रुबाब असतो, त्याचा बराचसा भाग एवढाच.

कानबाई आणि पडदे

खान्देशात घरातले पडदे एका ठरावीक दिवसाच्या आधी धुवावेच लागतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई या देवीची घरोघरी स्थापना होते. भाऊबंद जमतात, नैवेद्याचे रोट होतात आणि सोमवारी विसर्जन. त्याआधी भिंतींना रंग लागतो, भांडी लख्ख होतात, चादरी, अभ्रे, पडदे सारे उतरते. पावसाची उघडीप पाहून गच्चीवर दोऱ्या बांधल्या जातात आणि अर्धवट दमट पडदेच परत दांडीवर चढवून पंखा सोडला जातो. पॉलिस्टरला हे चालते, स्वतःच्या वजनाने ते इस्त्री केल्यासारखे उतरते. अस्तराच्या जड पडद्याला चालत नाही, त्याला वास धरतो. तो ज्येष्ठात, ऊन असतानाच धुऊन ठेवावा लागतो. नवे शिवायचे असतील तर कापड शिंप्याकडे आषाढ लागताच टाकावे. नंतर तो तारीख देतो, पण शनिवारी संध्याकाळी दुकानात गेले की पडद्याला कड्या बसवायच्या राहिलेल्या असतात.