गोव्यातला अर्धा वाटा: मृत्युपत्र, दुकान आणि म्हातारपणाचे कागद

मृत्युपत्राबद्दल मुंबई-पुण्याकडून येणारा सल्ला गोव्यात बहुधा चालत नाही. तिकडे साध्या कागदावर मजकूर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या की काम भागते. इथे मृत्युपत्र नोटरीच्या वहीत उतरावे लागते, नाही तर बंद करून, शिवून, नोटरीची मान्यता घेऊन ठेवावे लागते. साध्या कागदावर बापाने काय लिहिले ते वाचून मुले भांडतात, आणि शेवटी वकील सांगतो की त्या कागदाला किंमत नाही. पण खरा फरक मृत्युपत्राच्या नमुन्यात नाही. गोव्यात मालमत्तेचा निम्मा निकाल माणूस मरताना नव्हे, लग्नाच्या नोंदणीवर सही करताना लागलेला असतो. वारसा, म्हातारपणाची सोय, दुकानाचा हिशेब या सगळ्यांच्या मुळाशी तीच सही सापडते.

इथल्या नागरी कायद्याची मूळ संहिता पोर्तुगालची, 1867 ची. ती इथे 1 जुलै 1870 पासून लागू झाली. हिंदूंच्या चालीरीतींसाठी 1880 चा वेगळा हुकूम निघाला. विशिष्ट परिस्थितीत दुसऱ्या लग्नाची मुभा देणारा म्हणूनच तो आज सगळ्यांना आठवतो; त्यातले बाकीचे कोणी वाचत नाही. पोर्तुगालमधली राजेशाही गेल्यानंतर 1910 मध्ये एक बदल झाला, त्याचा परिणाम आजही प्रत्येक घरात दिसतो. त्याआधी मुलांसाठी दोन तृतीयांश मालमत्ता राखून ठेवावी लागे, आता निम्मी ठेवावी लागते. 1961 नंतर 1962 च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू ठेवले. हिंदू वारसा कायदा इथे आलाच नाही. पोर्तुगालने स्वतःसाठी 1966 मध्ये नवी संहिता केली, गोव्यात मात्र जुनीच राहिली.

नोंदणीआधी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक होते: आधीची, नंतरची, माहेरची, सासरची, सगळी. पूर्ण विभक्त मालमत्तेचा किंवा फक्त लग्नानंतर कमावलेले समाईक ठेवण्याचा पर्याय कायद्यात आहे, पण तो लग्नाआधीच निवडावा लागतो, मागाहून बदलता येत नाही. लग्नाच्या धांदलीत याचा विचार करणारी जोडपी थोडीच. पुढे नवरा वारला की आधी बायकोचा अर्धा भाग बाजूला निघतो. तो वारसा नव्हे, तो आधीपासून तिचाच. उरलेल्या अर्ध्यातला अर्धा मुलांसाठी राखीव. म्हणजे मुले असलेल्या दुकानदाराला सोळा आण्यांतले चार आणेच मृत्युपत्राने मनाप्रमाणे देता येतात. याची दुसरी बाजू अशी की बायको वारस म्हणून मुले, आईवडील, भावंडे या सगळ्यांच्या मागे, चौथ्या क्रमांकावर उभी असते. करार करून विभक्त मालमत्ता ठेवलेल्या जोडप्याला मूल नसेल, तर विधवेच्या आधी सासू-सासरे आणि दीर येतात. समान नागरी कायद्याचा नमुना म्हणून गोव्याचे कौतुक करणारे हा क्रम क्वचितच सांगतात.

मुलाला जन्मतः हक्क मात्र इथे नाही. बाप जिवंत असेपर्यंत मुलाच्या हातात राखीव वाट्याची अपेक्षा तेवढी असते. म्हणूनच म्हातारपणी मुलांच्या नावे दानपत्र करताना हयातभर घरात राहण्याचा आणि उत्पन्न खाण्याचा हक्क राखून ठेवायची पद्धत इथे जुनी आहे. आईवडिलांना पोसायला विनाकारण नकार देणाऱ्या मुलाला राखीव वाट्यातून वगळण्याची सोयही 1867 च्या संहितेतच होती. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा पुढे आला. त्याने न्यायाधिकरण दिले, दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च दिला आणि सांभाळण्याच्या अटीवर केलेले दान अट मोडल्यास रद्द करण्याची वाट दिली. दोन्ही कायदे शेजारी शेजारी चालतात. नोटरीकडे जाणाऱ्या म्हाताऱ्यांना दानपत्रात सांभाळायची अट स्पष्ट लिहून घ्या एवढे सांगितले तरी पुढचे बरेच वाचते. एकाच मुलाला घर विकण्याचा मार्ग संहितेने इतर मुलांच्या संमतीशिवाय बंदच ठेवला होता.

दुकान, टॅक्सी, बेकरी, छोटे हॉटेल चालवणाऱ्यांना सर्वांत जास्त छळले ते आयकराने, आणि ती कहाणी नीट सांगायला हवी.

गोव्यात आयकर कायदा 1963 पासून लागू मानला जातो. पहिल्याच वर्षी प्रश्न उभा राहिला: नफा कोणाचा? संहितेप्रमाणे कारभार नवऱ्याच्या हाती, मालकी मात्र दोघांची. एक मत म्हणे, कारभार ज्याचा त्याचे उत्पन्न. दुसरे म्हणे, जोडपे ही एक स्वतंत्र करपात्र संस्था, व्यक्तींचा समूह, म्हणून कर त्या समूहावर. तिसरे म्हणे, मालकी अर्धी-अर्धी तर करही अर्ध्या-अर्ध्या उत्पन्नावर. वाद कोरडा वाटेल, पण तेव्हाचे दर आठवावेत. 1973-74 च्या सुमारास वरच्या टप्प्यावर अधिभारासह कर 97.75 टक्क्यांपर्यंत जाई. उत्पन्न एकाच्या माथी पडले की दोघांत वाटले गेले, यावर धंदा टिकण्याचा प्रश्न असे. देशात इतरत्र बायकोच्या नावे वळवलेले उत्पन्न नवऱ्यात मिळवले जाते. इथे नवरा सांगत होता की ते कोणी वळवलेले नाही, कायद्यानेच अर्धे तिचे आहे. एकेका वर्षाची आकारणी वरच्या न्यायालयापर्यंत गेली आणि निकालांत एकवाक्यता राहिली नाही.

अखेर 1994 च्या वित्त कायद्याने आयकरात कलम 5अ घातले, तेही मागे जाऊन 1 एप्रिल 1963 पासून. एकतीस वर्षांचा घोळ एका कलमाने मिटवायचा हा प्रयत्न होता. जोडप्याला समूह मानायचे नाही. पगार वगळून प्रत्येक शीर्षाखालचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे करायचे. पगार ज्याचा त्याच्याकडे राहायचा. दुकानदारांचा विजय म्हणून याचे स्वागत झाले आणि बऱ्याच अंशी तो होताही. पण ही वाटणी ऐच्छिक नाही. बायको शिक्षिका असेल तर तिचा पगार पूर्ण तिचा, वर नवऱ्याच्या दुकानाचा अर्धा नफा, आणि ती वरच्या टप्प्यात ढकलली जाते. वेगळी राहणारी, पण लग्न कायद्याने न मोडलेली बाई जो नफा तिने कधी पाहिला नाही त्यावर विवरणपत्र भरते, आणि नोटीस आली तर तिच्या नावे येते. मालकी कागदावर आणि पैसा गल्ल्यात, हे अंतर 5अ ने भरून काढले नाही. माझ्या मते त्या कलमाची ही मोठी उणीव आहे, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

धंदा कोणत्या रूपात चालवायचा यावरही याची छाया पडते. भागीदारी संस्थेतून भागीदाराला मिळणारे वेतन करापुरते धंद्याचे उत्पन्न असते, म्हणून ते वाटले जाते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या संचालकाचा पगार पगारच राहतो, वाटला जात नाही. त्यामुळे फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या हिशेबनिसाचा सल्ला रत्नागिरीच्या हिशेबनिसापेक्षा वेगळा असतो. विवरणपत्रात जोडीदाराचे पॅन आणि कापलेल्या कराची वाटणी दाखवणारा वेगळा तक्ता आहे. विवरणपत्र भरायला भागीदाराला मिळणारी लांबलेली मुदत त्याच्या जोडीदारालाही देण्याची दुरुस्ती पुढे झाली. तोवर एकाचा हिशेब पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्याची तारीख उलटे. 2025 च्या नव्या आयकर कायद्यातही ही वाटणी आहे. जीएसटीला मात्र तिच्याशी देणेघेणे नाही. तिथे नोंदणी एकाच पॅनवर, आणि मालक वारला की वारसाला नवी नोंदणी.

वारसाच्या बाजूने मोठा बदल 2016 चा. 2012 मध्ये तयार झालेला वारसा, खास नोटरी आणि इन्व्हेंटरीचा राज्य कायदा 22 डिसेंबर 2016 पासून अमलात आला. पोर्तुगीज भाषेतली कलमे वाचू शकणारे वकील एकेक करून कमी होत असताना इंग्रजीत एकत्र मजकूर मिळाला, हे त्याचे मोठे काम. आशय फारसा हलला नाही. विधवेचा चौथा क्रमांकही तसाच राहिला, जो हलवायची ती चांगली संधी होती. मग 13 सप्टेंबर 2019 रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरवले की गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची मुंबईतली किंवा देशात कुठलीही मालमत्ता वारशापुरती गोव्याच्याच कायद्याने वाटली जाईल. परळ-गिरगावात खोली घेऊन ठेवलेल्या कुटुंबांना हे उशिरा कळले.

इन्व्हेंटरी म्हणजे न्यायालयातली वाटणी. तीत वारस आपसात बोली लावू शकतात. जास्त बोलणारा घर घेतो आणि इतरांना त्यांच्या वाट्याचे पैसे देतो. कागदावर हे न्याय्य आहे. प्रत्यक्षात लिस्बन किंवा स्विंडनहून पैसा आणणारा भाऊ घर घेतो आणि आईवडिलांचे शेवटपर्यंत करणारी बहीण पैसे घेऊन भाड्याच्या खोलीत जाते. त्या भीतीने अनेक घरांत इन्व्हेंटरी लांबवली जाते. वन-फोर्टीनच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर आजोबांचे नाव तसेच राहते, दुकानाचा परवाना नूतनीकरणाला गेला की वारसाचा कागद मागितला जातो, आणि तो नसतो. 2022 मध्ये जमीन बळकावण्याच्या तक्रारींसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले, तेव्हा बनावट जुन्या कागदांवर विकल्या गेलेल्या जमिनींत अशा बऱ्याच होत्या, ज्यांचे मालक वारलेले किंवा परदेशात होते आणि वाटणी कोणी केलेली नव्हती.