जुन्या रस्त्यांची वळणे (कोल्हापूर शहर)

जुन्या वस्तीतला रस्ता सरळ चालता चालता, डोळ्यांना दिसेल असे कोणतेही कारण नसताना, एकाएकी वळतो, तेव्हा त्या जागी पूर्वी पाणी, भिंत, देऊळ किंवा कोणाची तरी हद्द होती असे बहुधा समजावे. अडथळा नाहीसा होतो, पण त्याला वळसा घालून गेलेली वाट त्याच जागी राहते. कोल्हापूरच्या जुन्या पेठांमधील रस्त्यांत ही गोष्ट विशेष ठळकपणे दिसते, कारण हे शहर एका आराखड्यावर वसलेले नाही. पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा अशा निरनिराळ्या वस्त्या आणि अंबाबाईच्या देवळाभोवतीची वस्ती काळाच्या ओघात एकमेकींना भिडत गेल्या. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 मध्ये झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. तेव्हा या पायवाटांपैकी काही फार जुन्या असणे शक्य आहे. दोन वस्त्यांच्या वाटा जेथे जुळल्या तेथे काटकोनी चौक न होता तिरप्या तोंडाची तिवाट झाली. अशा जागेला कोल्हापुरात ‘तिकटी’ म्हणतात. पापाची तिकटी आणि मिरजकर तिकटी ही नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत.

वळणांचे सर्वांत महत्त्वाचे कारण पाणी हे होय. जुन्या कोल्हापुरात तळ्यांची आणि तीर्थांची संख्या मोठी होती, आणि तळ्याच्या काठाने जाणारी वाट काठाचाच आकार घेते. वाटेच्या बाहेरच्या अंगाला घरे उभी राहिली, त्यांचे दरवाजे पाण्याच्या बाजूला आले आणि घरांची ओळ काठाप्रमाणे वाकली. पुढे तळे बुजवले तरी ती ओळ हलत नाही. वरुणतीर्थाच्या जागी आज गांधी मैदान आहे आणि कपिलतीर्थाच्या जागी मंडई आहे. नवख्या माणसाला तेथे पाण्याचा थेंबही दिसत नाही. जमिनीचा खोलगटपणा मात्र पूर्णपणे गेलेला नाही. जोराच्या पावसात गांधी मैदानात पुन्हा पाणी साचते, आणि तळ्याची जुनी व्याप्ती समजून घेण्यासाठी ते साचलेले पाणी हा कोणत्याही नकाशाइतकाच चांगला पुरावा आहे.

वाहत्या पाण्याचा परिणाम वेगळ्या तऱ्हेने होतो. शहरातून पंचगंगेकडे जाणाऱ्या जयंती नाल्यासारखा प्रवाह ओलांडताना मोरी किंवा पूल पात्राला काटकोनात बांधला तर त्याची लांबी आणि खर्च सर्वांत कमी होतो; म्हणून तिरपा येणारा रस्ता पुलाच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे पुन्हा एकदा वळवावा लागतो. नदीच्या बाजूला पुराचाही विचार करावा लागे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट धरली जाते. असे आकडे ठरण्याच्या कितीतरी आधीपासून गाडीवान पुराचे पाणी कोठवर चढते ते पाहून उंचवट्यावरून वाट धरत. काळ्या मातीत चाक रुतते आणि मुरुमावर ते चालते, हेही त्यांना ठाऊक होते. त्यामुळे लांबचा वाटणारा वळसा बैलांच्या दृष्टीने जवळचा असे.

दुसरे मोठे कारण तटबंदीचे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरात आली. कोल्हापूरच्या कोटाला तट, बुरूज आणि खंदक होता, आणि आतबाहेर जाण्यासाठी मोजक्याच वेशी होत्या. बाहेरून येणाऱ्या सगळ्या वाटा वेशीच्या तोंडाशी एकत्र येत आणि आत शिरल्यावर देवळाकडे, राजवाड्याकडे किंवा बाजाराकडे फुटत. पुढे वेशी आणि तटाचा बहुतेक भाग पाडला गेला. बिंदू चौकात त्याचा काही भाग अजून पाहायला मिळतो, पण गंगावेस, रंकाळावेस आणि वरुणतीर्थ वेस येथे मुख्यतः नावेच उरली आहेत. वेशीसाठी आवळलेला रस्ता वेस गेल्यावरही तसाच आवळलेला राहिला.

देवळांमुळे पडलेली वळणे सहज ओळखू येतात, कारण तेथे अडथळा अजून जागेवर असतो.

ही वळणे टिकून राहण्यामागे मालकी हक्क आहे. जुना वाडा पाडून नवी इमारत बांधताना मालक आपल्या जोत्याची रेषा सोडत नाही, शेजाऱ्याची भिंत सामाईक असते, गटार आणि नळ त्याच रेषेने गेलेले असतात; शेवटी नगर भूमापनाच्या नकाशात तीच रेषा हद्द म्हणून नोंदली जाते आणि केवळ सवयीने पडलेल्या वाकणाला कायद्याचे रूप येते. याउलट, मोकळ्या जमिनीवर आखलेल्या भागात असे काही घडण्याचे कारण नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेली शाहूपुरी आणि नंतरची राजारामपुरी येथे गल्ल्या सरळ आहेत व त्यांना पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक आहेत. जुन्या पेठांतल्या गल्ल्यांना असे क्रमांक देणे अवघडच गेले असते.

वळण सरळ करण्यासाठी महानगरपालिकेला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 अन्वये आयुक्तांना रस्त्याची नियमित रेषा ठरवता येते, आणि त्या रेषेच्या आत येणारी इमारत पुन्हा बांधताना मागे घ्यावी लागते. मात्र सगळी घरे एकाच वेळी पाडली जात नाहीत. दोन घरे मागे सरतात, मधले जुने घर पुढेच राहते, आणि ते उभे असेपर्यंत दोन्ही बाजूंच्या रुंद रस्त्यावरून आलेली वाहने त्याच एका कोपऱ्याशी येऊन अडतात.