विचाराला लागणारा वेळ

दिंडोरी, निफाड, सिन्नरहून एसटीने येणारी आणि कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या आसपास राहणारी मुलं दरवर्षी पावसाळ्यात नाशिकच्या महाविद्यालयांत एफवायबीएला दाखल होतात. त्यांतली काही मानसशास्त्र घेतात. समोरच्याच्या मनातलं ओळखता येईल, स्वप्नांचा अर्थ लागेल, घरातल्या कुणाचं तरी वागणं एकदाचं उमगेल, अशी त्यांची अपेक्षा असते. पहिल्या प्रकरणात मात्र भेटतात ते वाद. रचनावाद, कार्यवाद, वर्तनवाद. प्रत्येकापुढे एक नाव आणि एक साल. परीक्षेत 'टीपा लिहा' येतं म्हणून बरेच जण तेवढं पाठ करतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात.

मला याचं फार वाईट वाटतं. मानसशास्त्राचा इतिहास वादांच्या यादीतून कळत नाही. तो कळायचा तर घड्याळाच्या मागे जावं लागतं.

ही गोष्ट सुरू होते लंडनजवळच्या ग्रिनिच वेधशाळेत. तिथे ताऱ्याची वेळ टिपण्याची रीत अशी होती: एक डोळा दुर्बिणीला, कान घड्याळाच्या टिकटिकीकडे, आणि दुर्बिणीतली तार तारा नेमका कधी ओलांडतो याचा सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाज. प्रमुख खगोलशास्त्रज्ञ मॅस्कलीन यांना दिसलं, की आपला मदतनीस किनब्रूक याच्या नोंदी आपल्यापेक्षा मागे पडतात. फरक वाढत जवळपास ०.८ सेकंदावर गेला आणि १७९६ मध्ये त्यांनी किनब्रूकला कामावरून काढलं. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांच्या वाचनात हा प्रकार आला. त्यांनी १८२० च्या सुमारास स्वतःच्या आणि इतर नामवंत निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या. त्यांच्यातही फरक निघाला, आणि तो बराचसा ठरावीक होता. किनब्रूक कामचुकार नव्हता. पाहणं आणि ऐकणं यांचा मेळ घालायला प्रत्येकाच्या मनाला वेगळा वेळ लागतो, हे तोवर कुणी मोजलंच नव्हतं.

पण असा वेळ मोजता तरी येईल का? मज्जातंतूतून जाणारा संदेश इतका वेगवान असणार, की त्याची गती कधी कळायची नाही, असं मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ मानत होते. १८५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायाचा, स्नायूला जोडलेला मज्जातंतू घेतला. तो एकदा स्नायूच्या जवळ आणि एकदा लांब असा विजेने उत्तेजित केला, आणि स्नायू आकसायला किती जास्त वेळ लागतो ते पाहिलं. गती निघाली सेकंदाला ३० मीटरच्या आसपास. म्हणजे ध्वनीपेक्षाही कितीतरी कमी.

आता पुढची उडी सोपी वाटते, पण तिला १८ वर्षं लागली. नेदरलँड्सच्या डोंडर्स यांनी माणसाच्या पायाला विजेचा हलका धक्का दिला. ज्या बाजूच्या पायाला धक्का बसेल, त्या बाजूच्या हाताने प्रतिसाद द्यायचा. कोणत्या पायाला धक्का बसणार हे आधीच सांगितलं, तर प्रतिसाद लवकर येई; न सांगता दिला तर उशिरा. हात तोच, पाय तोच, मज्जातंतूंची लांबीही तीच. मग जास्तीचा वेळ गेला कुठे? 'उजवा की डावा' हे ठरवण्यात. तो निघाला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा. एका निर्णयाचा वेळ! हा प्रयोग १८६८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मला तो साऱ्या मानसशास्त्रातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. यंत्रं साधी, आणि वजाबाकी शाळेतली.

प्रश्नपत्रिकेत हमखास येणारं साल, १८७९, यानंतरचं आहे. त्या वर्षी विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतल्या लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. तिथे सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारी घड्याळं होती, आणि प्रतिक्रिया काल, म्हणजे उद्दीपक मिळाल्यापासून प्रतिसाद देईपर्यंतचा वेळ, मोजणं हे विद्यार्थ्यांचं रोजचं काम होतं. तिथे शिकलेले म्युन्स्टरबर्ग पुढे हार्वर्डला गेले. त्यांच्याकडे शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठातल्या मानसशास्त्र विभागाची सुरुवात केली. लाइपझिग, हार्वर्ड, कलकत्ता अशी ही गुरुपरंपरा भारतात पोचायला ४० वर्षंही लागली नाहीत.

वुंट यांच्या शिष्यांचं पुढे आपसांतच बिनसलं. मनात काय चाललंय ते प्रशिक्षित माणसाने आत डोकावून सांगायचं, यावर टिचनर यांची भिस्त होती. विचार करताना मनात नेहमी काही प्रतिमा असते, असं त्यांचे प्रयोज्य, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग होई ती माणसं, सांगत. जर्मनीतल्या वुर्झबुर्गला वुंट यांचेच दुसरे शिष्य क्युल्प यांचे प्रयोज्य सांगत, की प्रतिमा नसतानाही विचार होतो. कोण बरोबर? ठरवायला मार्गच नव्हता, कारण दुसऱ्याच्या मनात जाऊन पाहता येत नाही. या कोंडीनंतर १९१३ मध्ये वर्तनवादाचे प्रवर्तक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉटसन म्हणाले, की मनाची भाषाच सोडा, वर्तन मोजा. वर्तनवादाची व्याख्या पाठ करणाऱ्या मुलांना ही कोंडी कळली, तर वॉटसन यांचा हट्ट समजू शकतो. मला तो पटत नाही, पण समजतो.

कारण घड्याळ तोवर संपलेलं नव्हतं. १९७१ मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या. दोन्ही आकृती एकच आहेत का, फक्त फिरवलेल्या आहेत का, एवढंच सांगायचं. फिरवण्याचा कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त. अगदी सरळ रेषेत वाढणारा. लोक ती आकृती मनातल्या मनात फिरवत होते, सेकंदाला सुमारे ६० अंश. डोळ्यांना न दिसणारी मनातली हालचाल वजाबाकीने पकडली गेली, आणि 'मला असं वाटलं' या कुणाच्याही शब्दावर विसंबावं लागलं नाही.

डोंडर्स यांचा प्रयोग घरी करायला ३० सेंटिमीटरची पट्टी पुरते. मित्राने ती उभी धरावी. तिच्या शून्यापाशी तुमची बोटं, न टेकवता. त्याने न सांगता सोडली की चिमटीत पकडायची. १५ सेंटिमीटरवर पकडली तर लागलेला वेळ सुमारे ०.१७ सेकंद, २० वर पकडली तर ०.२०. मग दोन हातांसमोर दोन पट्ट्या धरायच्या आणि त्यांतली एकच सोडायची. आकडा बहुधा वाढतो, आणि तो जादा वेळ निवडीचा.

हा वेळ रस्त्यावर महाग पडतो. द्वारका चौकाकडे ताशी ४० किलोमीटरने येणारी दुचाकी सेकंदाला ११ मीटर धावते. अनपेक्षित काही समोर आलं, तर ब्रेकपर्यंत हात जायला सहज १ सेकंद लागतो, आणि तेवढ्यात दुचाकी ११ मीटर पुढे गेलेली असते. मोबाइलवर बोलताना हा वेळ आणखी वाढतो.

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची वही, म्हणजे जर्नल, लिहिणाऱ्या मुलांना माझी एकच कळकळीची विनंती आहे. गेल्या वर्षीच्या जर्नलमधले आकडे उतरवू नका. प्रतिक्रिया काल मोजताना पहिली ५ वाचनं सरावाची म्हणून बाजूला ठेवा, पुढची २० आली तशी, त्याच क्रमाने लिहा. एखादं वाचन भलतंच आलं तर ते खोडू नका. त्या क्षणी लक्ष कुठे गेलं होतं ते प्रयोज्याला विचारा आणि शेजारी नोंदवा. सरासरीइतकंच या वाचनांचं वरखाली होणं पाहा. एकाच माणसाची २० वाचनं एकसारखी येत नाहीत, आणि ती का येत नाहीत, या प्रश्नावर आजही संशोधन चालू आहे.