४१ लाख सह्या, पण पस्तावलेल्यांच्या नव्हेत

ब्रेक्झिटचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: २३ जून २०१६ ला ब्रिटिशांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला, दुसऱ्या दिवशी डोळे उघडले आणि पस्तावलेल्या लाखोंनी फेरमतदानासाठी अर्ज केला.

अर्ज खरा. ४१ लाखांहून जास्त सह्या, त्याही खऱ्या (हजारो बोगस निघाल्या, त्या वगळल्या). पण हा अर्ज मुळात निकालानंतरचा नव्हेच. संसदेच्या संकेतस्थळावर तो मे महिन्यातच दाखल झाला होता. आणि गंमत म्हणजे, तो करणारा गृहस्थ बाहेर पडण्याच्या बाजूचा! आपण हरणार, ही त्याची धास्ती. म्हणून त्याने अट सुचवली: मतदान ७५ टक्क्यांच्या आत आणि जिंकणाऱ्याला ६० टक्क्यांहून कमी मतं, तर पुन्हा कौल घ्या. प्रत्यक्षात मतदान झालं ७२ टक्के, निकाल ५२ विरुद्ध ४८. जिंकली त्याचीच बाजू, आणि अर्ज आयताच हरलेल्यांच्या हाती पडला. सह्यांचा जोरही लंडन, ब्रायटन, केंब्रिज अशा, संघात राहू म्हणणाऱ्या भागांत होता. हरलेल्यांच्या संतापाला पश्चात्ताप कसं म्हणायचं?

‘युरोपीय संघ म्हणजे काय?’ हे लोकांनी मत दिल्यावर गूगलवर शोधलं, हा किस्साही त्यातलाच. तो ज्यावरून पसरला, तो गूगलचा आलेख तुलनात्मक असतो: शोध आधीपेक्षा किती वाढले एवढंच दाखवतो. किती जणांनी शोधलं आणि त्यांनी मत कोणाला दिलं, हे त्यातून कळतच नाही.

पस्तावा आला, पण सावकाश, पुढच्या काही वर्षांच्या जनमत चाचण्यांतून. अर्ज मात्र सरकारने जुलै २०१६ मध्येच फेटाळला होता.