आंत्रजिवाणू आणि फुप्फुसाचा कर्करोग

मोठ्या आतड्यात वस्तीला असलेल्या जिवाणूंचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी, त्याहूनही अधिक त्यावरील उपचारांना येणाऱ्या गुणाशी असलेला संबंध. या दोन अवयवांमधल्या देवाणघेवाणीला ‘आंत्र-फुप्फुस अक्ष’ म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोग हा जगात सर्वाधिक बळी घेणारा कर्करोग आहे. २०२२ मध्ये त्याने सुमारे १८ लाख माणसे दगावली. तंबाखूचा धूर हे त्याचे मुख्य कारण आहे आणि जिवाणूंविषयीच्या कोणत्याही शोधाने त्यात फरक पडलेला नाही.

संज्ञा : बोलण्यात ‘पोटातले चांगले जंतू’ असे म्हटले जाते, पण मराठीत जंतू म्हटले की जंत आणि जंतुसंसर्ग हेच आधी डोळ्यांपुढे येतात. म्हणून या नोंदीत ‘आंत्रजिवाणू’ हा शब्द वापरला आहे. विषाणू, बुरशी वगैरेंसह सगळी वस्ती अभिप्रेत असेल तेथे ‘सूक्ष्मजीवसमूह’ म्हणणे योग्य. शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात, हे वाक्य अजून पाठ्यपुस्तकांत आढळते. ते १९७० च्या दशकातल्या एका ढोबळ अंदाजावरून रूढ झाले. २०१६ मध्ये केलेल्या फेरमोजणीनुसार सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी पेशी असतात. म्हणजे प्रमाण जवळजवळ बरोबरीचे, आणि सगळ्या जिवाणूंचे मिळून वजन पावशेराच्या आसपास.

कल्पनेचा उगम : याविषयी एकमत नाही. चिनी वैद्यकात फुप्फुस आणि मोठे आतडे ही जोडी मानली जाते व काही लेखक या अक्षाचे मूळ तेथे शोधतात. आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाकडे बोट दाखवले जाते. तेथे हिक्का आणि श्वास हे विकार कफवातात्मक असून पित्तस्थानातून उद्भवतात असे म्हटले आहे. छातीच्या विकाराचे मूळ पोटात पाहणारी ही दृष्टी खरोखर लक्षणीय आहे. तरीही ते वचन उचकी आणि दम्यासारख्या विकारांबद्दलचे आहे. जिवाणू ही कल्पना त्यात नाही आणि कर्करोगही नाही, त्यामुळे त्याला आजच्या संशोधनाचा पूर्वज ठरवणे ओढूनताणून होईल. आधुनिक परंपरा एली मेचनिकॉफ (१९०८ चे नोबेल मानकरी) यांच्या दह्यातील जिवाणूंविषयीच्या मांडणीपासून सुरू झाली, असे एक मत आहे. जंतुरहित वातावरणात वाढवलेले उंदीर प्रयोगशाळेत आल्यावरच तिला खरा पाया मिळाला, असे दुसरे. प्रस्तुत नोंदीत दुसरे मत अधिक ग्राह्य मानले आहे, कारण जिवाणू असलेला आणि नसलेला प्राणी शेजारी शेजारी ठेवून पाहता आल्याखेरीज कारण आणि परिणाम वेगळे करता येत नाहीत.

कार्यपद्धती : डाळी, कडधान्ये, भाजीचे देठ आणि कोंडा यांतला जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही तो मोठ्या आतड्यात पोचतो. तेथील जिवाणू तो आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तरातील पेशी पोसल्या जातात. उरलेली मेदाम्ले रक्तात उतरतात आणि अस्थिमज्जेत घडणाऱ्या संरक्षक पेशींच्या स्वभावावर परिणाम करतात. २०१४ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत तंतुमय आहाराने श्वसनमार्गातील ॲलर्जीजन्य दाह कमी झाला. हा प्रयोग कर्करोगाच्या लेखांतही सर्रास पुरावा म्हणून येतो, पण तो दम्याच्या जातीच्या दाहावरचा आहे.

असाच घोटाळा २०१९ च्या एका महत्त्वाच्या प्रयोगाबाबत होतो. पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या केरास जनुकात बदल केलेल्या आणि गाठींना आवर घालणारे पी५३ जनुक काढून टाकलेल्या उंदरांना फुप्फुसाचा कर्करोग होतो. अशा उंदरांना जंतुरहित ठेवले किंवा प्रतिजैविके दिली, तेव्हा त्यांच्या गाठी कमी वाढल्या. फुप्फुसातील जिवाणू गॅमा-डेल्टा टी पेशींना (संरक्षक पेशींच्या एका जातीला) चेतवतात, त्या इंटरल्युकिन-१७ हे दाह वाढवणारे द्रव्य सोडतात आणि तो दाह गाठीला पोसतो, असा त्याचा उलगडा दिला गेला. यातले मुख्य पात्र फुप्फुसातले स्थानिक जिवाणू आहेत, आतड्यातले नव्हेत. निरोगी फुप्फुस निर्जंतुक असते हा जुना समज मात्र आता मागे पडला आहे.

प्रतिकारशक्तीवर आधारित उपचार : या विषयातला सर्वांत भक्कम भाग हाच. कर्करोगाच्या पेशी टी पेशींना लावतात तो ‘ब्रेक’ काढणारी औषधे (निव्होलुमॅब, पेंब्रोलिझुमॅब इ.) २०१५ पासून फुप्फुसाच्या कर्करोगात वापरात आली. त्यामागच्या मूलभूत शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. पण ही औषधे सगळ्यांना लागू पडत नाहीत. पॅरिसजवळील व्हिल्झ्वीफ येथील गुस्ताव्ह रुसी संस्थेत लॉरान्स झिटव्होगेल यांच्या गटाने २४९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांतले १४० फुप्फुसाच्या, ६७ मूत्रपिंडाच्या आणि ४२ मूत्रमार्गाच्या कर्करोगाचे होते. औषध सुरू होण्याच्या आगेमागे ६९ जणांना प्रतिजैविके मिळाली होती आणि त्यांचा आजार लवकर बळावला. ज्यांना गुण आला त्यांच्या मलात ‘ॲकरमॅन्सिया म्युसिनिफिला’ हा जिवाणू अधिक आढळला. गुण न आलेल्यांचा मल जंतुरहित उंदरांत घातला तर उंदरांनाही औषध लागू पडेना. त्याच उंदरांना ॲकरमॅन्सिया तोंडावाटे दिल्यावर ते लागू पडू लागले. हे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आले.

प्रतिजैविके घ्यावी लागणारा रुग्ण मुळातच जास्त आजारी असतो, त्यामुळे दोष प्रतिजैविकांचा की आजाराचा, हा आक्षेप रास्त आहे. उंदरांवरच्या प्रयोगामुळे त्याची धार कमी होते, तो मिटत नाही. २०२२ मध्ये त्याच गटाने फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३३८ रुग्णांत ॲकरमॅन्सियाचे असणे पुन्हा हितकारक ठरवले. मात्र त्याचे प्रमाण फार वाढलेले असेल, जसे ते प्रतिजैविकांनंतर होते, तर निकाल वाईट दिसला. ‘जितका जास्त तितका चांगला’ हा हिशेब येथे चालत नाही. पित्तासाठी सर्रास घेतली जाणारी आम्लरोधक औषधेही उपचाराचा गुण घटवतात, असे याच जातीच्या अटेझोलिझुमॅब या औषधाच्या चाचण्यांच्या फेरविश्लेषणात सुचवले गेले.

वडोदऱ्यात प्रतिजैविकांच्या मुद्द्याला वेगळी जवळीक आहे. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या, कोटिभास्कर या मराठी प्राध्यापकांचा हात लागलेल्या अलेंबिक या औषध कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू केले. प्रतिजैविकांनी या शहराला रोजगार दिला आणि असंख्य जीव वाचवले. जिवाणूजन्य न्युमोनिया झालेल्या कर्करोग्याला ती आजही द्यावीच लागतात. हानी होते ती दांडिया बाजारातल्या एखाद्या घराच्या फडताळात उरलेल्या पाकिटातून, सर्दी झाली म्हणून मनाने घेतलेल्या दोन गोळ्यांनी. प्रतिकारशक्तीचा उपचार चालू असलेल्या माणसाने मागच्या दोन महिन्यांत घेतलेली प्रत्येक गोळी, पित्ताचीसुद्धा, डॉक्टरांना सांगावी.

आहार : अमेरिका, युरोप व आशियातील सुमारे साडेचौदा लाख प्रौढांच्या एकत्रित पाहणीत (२०१९) तंतुमय पदार्थ आणि दही दोन्ही भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका, दोन्हींत मागे असणाऱ्यांच्या तुलनेत, ३३ टक्के कमी दिसला. धूम्रपानाचा हिशेब मांडूनही हा फरक टिकला. तरी ही निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हेत. दही खाणारी माणसे इतर बाबतींतही जपून राहतात.

वडोदऱ्याची सेव-उसळ या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. रात्रभर भिजवलेले पांढरे वाटाणे शिजून फुटतात, वर झणझणीत तरी, कांद्याची पात, लिंबू आणि मूठभर शेव. वाटाण्यातल्या रॅफिनोज जातीच्या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. त्या थेट जिवाणूंच्या वाट्याला जातात आणि खाल्ल्यावर होणारा गुबारा ही त्यांच्याच कामाची खूण. शेव आणि पाव यांतून त्यांना फारसे काही मिळत नाही. शेजारच्या चरोतरात (आणंद-खेडा भागात) पिकणाऱ्या तंबाखूची विडी ओढत ही उसळ खाल्ली तर वाटाणे तिचे विष उतरवतील, असे कोणत्याही अभ्यासाने दाखवलेले नाही.

भारतीय आतड्यांविषयीची माहिती तुटपुंजी आहे. भोपाळ व केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींच्या तपासणीत (२०१९) भोपाळकडच्या शाकाहारप्रधान गटात ‘प्रीव्होटेला’ या जिवाणूचे वर्चस्व आढळले. पाश्चात्त्यांच्या आतड्यांत बहुधा ‘बॅक्टेरॉइडीज’ पुढे असतात. फ्रेंच रुग्णांवरून बसवलेले जिवाणूंचे निकष आणि त्यांवर बेतलेल्या महागड्या कॅप्सुला येथील रुग्णाच्या हाती देणे त्यामुळे घाईचे ठरेल.