मुंबई ते चिपी: ४२ मिनिटांचा हिशेब कुठे चुकतो?

गणपतीला गावी जायचं ठरत होतं तेव्हा पुतणीने फोनवर मुंबई आणि सिंधुदुर्गातलं चिपी या दोन विमानतळांमधलं अंतर काढलं. साधारण ३५० किलोमीटर. एटीआर ७२ या पंख्यांच्या छोट्या विमानाचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. भागाकार केला, ४२ मिनिटं आली. वेळापत्रकात मात्र तासाहून जास्त. "काका, मगे बाकीचो येळ खंय गेलो?"

अंतर बरोबरच होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेलं चिपी मुंबईच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. रस्त्याने तेच अंतर ५०० च्या आसपास जातं. गफलत आहे ती वेगात. ताशी ५०० हा वेग वर पोचल्यावरचा, आणि एवढ्याशा प्रवासात विमान वर राहतं तरी किती वेळ?

खरी गंमत उतरण्यात आहे. समजा विमान २०,००० फुटांवर, म्हणजे सुमारे ६ किलोमीटर उंचीवर आहे. हवेचा अडथळा नसता तर तिथून सोडलेला दगड जमिनीवर ताशी १,२०० किलोमीटरहून अधिक वेगाने आदळला असता. शाळेत शिकलेली स्थितिज ऊर्जा ती हीच. विमानाला ही सगळी ऊर्जा हवेशी घासून खर्चावी लागते. नाक जास्त खाली केलं की वेग वाढत जातो, आणि त्याला मर्यादा असते. म्हणून उतार साधारण ३ अंशांचा ठेवतात. वैमानिकांचा तोंडी हिशेब असा: दर हजार फुटांना ३ सागरी मैल. २०,००० फुटांना ६० सागरी मैल, म्हणजे १११ किलोमीटर. चिपीपासून उत्तरेला तेवढं अंतर मोजा, रत्नागिरी येते! तिथूनच उतरण सुरू.

चढताना वेग आणखी कमी असतो. श्रीवर्धनच्या आसपास कुठेतरी चढण संपते. म्हणजे पूर्ण वेगाचं सपाट उड्डाण उरतं ते श्रीवर्धन ते रत्नागिरी, जेमतेम पाव तास किंवा थोडं अधिक. अख्ख्या प्रवासाला ५०० चा वेग लावणं म्हणजे एसटीचा महामार्गावरचा वेग घाटालाही लावण्यासारखं आहे.

म्हणूनच "जेट आलं की अर्ध्या तासात गाव" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जेट ३५,००० फुटांवर नेलं तर नुसत्या उतरणीलाच १९५ किलोमीटर लागतील, निम्म्याहून जास्त वाट!

शिवाय वेळापत्रकातली वेळ उड्डाणाची नसतेच. विमान जागेवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या टोकाला उभं राहीपर्यंतची ती वेळ, तिला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच नीट वापरता येते आणि विमानांची रांग लागते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. विमान वाऱ्याला सामोरं उडतं, म्हणून दक्षिणेला जायचं असूनही आधी समुद्रावर जातं आणि मग वळतं. निघण्याआधी राहुकाळ पाहणारे आमच्याकडे अजून आहेत. उशीर होतो तो या वाऱ्याने आणि रांगेने, पंचांगाने नव्हे.

पुतणीला एवढंच सांगितलं, खिडकीशी बस आणि रत्नागिरीच्या सुमारास कान दे. इंजिनांचा आवाज तिथे मऊ होतो.