कॉसमॉस

कॉसमॉस ही सूर्यफुलाच्या कुलातील (ॲस्टरेसी) एक प्रजाती असून तिच्या बहुतेक जाती मूळच्या मेक्सिको व त्याच्या आसपासच्या उष्ण प्रदेशातील आहेत. स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोनियो होसे काव्हानीयेस यांनी १७९१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. डेलिया व कोरिऑप्सिस ही तिची जवळची नातलग फुलझाडे.

बागांमध्ये मुख्यतः वर्षायू, म्हणजे वर्षभरात जीवनक्रम संपवणाऱ्या, दोन जाती दिसतात. कॉसमॉस बायपिन्नॅटसची फुले पांढरी, गुलाबी किंवा किरमिजी असतात आणि पाने शेपूसारखी, धाग्याइतक्या बारीक खंडांत विभागलेली. कॉसमॉस सल्फ्यूरियसची फुले पिवळी ते गडद नारिंगी. पानांचे खंड रुंद व टोकदार. दोन्हींत पाने समोरासमोर येतात. रोप लहान असताना ही खूण फार उपयोगी पडते, कारण बारीक चिरलेल्या पानांमुळे त्यात आणि गाजर गवतात गफलत होऊन नको ते उपटले जाते. गाजर गवताची पाने सुरुवातीला जमिनीलगत चक्राकार पसरतात व पुढे खोडावर एकाआड एक येतात.

आपण ज्याला एक फूल म्हणतो ते अनेक पुष्पकांचे (चिमुकल्या फुलांचे) स्तबक, म्हणजे गुच्छ, असते. कडेची, बहुधा आठ, रुंद किरणपुष्पके वंध्य असतात. बी मधल्या पिवळ्या बिंबपुष्पकांतच धरते. ओळख पटवताना रंगावर विसंबू नये, स्तबक उलटे करून पाहावे. कॉसमॉसमध्ये छदांची (स्तबकाला खालून वेढणाऱ्या पानांसारख्या भागांची) दोन वलये दिसतात: बाहेरची अरुंद व हिरवी, आतली पातळ व पारदर्शक कडांची. झेंडूत छदे एकमेकांना जुळून त्यांचा पेला बनतो, त्यावर तैलग्रंथींचे ठिपके असतात आणि पान चुरडताच उग्र वास येतो. नारिंगी कॉसमॉसला झेंडू समजण्याची चूक एवढ्यानेच टळते. कोरिऑप्सिसमध्येही छदांची दोन वलये असल्याने तिथे फळ पाहावे लागते. कॉसमॉसचे फळ लांबट, किंचित वाकडे व टोकाला चोच असलेले असते. कोरिऑप्सिसचे चपटे, बिनचोचीचे. सल्फ्यूरियसच्या चोचीवर बहुधा दोन-तीन काटेरी कुसे असतात. ती कपड्यांना व प्राण्यांच्या केसांना चिकटतात आणि बी दूर पोचते.

लागवड सोपी आहे. बिघडते ते अतिकाळजीने. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन आणि पाण्याचा उत्तम निचरा एवढे पुरे. जमीन मध्यम किंवा हलकी असलेलीच बरी. शेणखत वा नत्रयुक्त खत भरपूर दिले की झाड पानांनी माजते, उंच व लेचेपेचे होते, वाऱ्याने आडवे पडते आणि कळ्या उशिरा धरतात. बी जागेवरच, सुमारे अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. उबदार जमिनीत ते आठवड्याभरात उगवू लागते. नंतर विरळणी करून दोन रोपांत साधारण ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. उंच वाणांना याहून जास्त लागते, कारण त्यांची झाडे दीड मीटरच्याही वर जातात. पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात.

पेरणीची वेळ ठरवताना ऋतूइतकीच दिवसाची लांबी महत्त्वाची आहे, आणि याकडे सर्रास दुर्लक्ष होते. बायपिन्नॅटसला लहान दिवसांत लवकर फुले येतात. लांब दिवसांत पेरलेले झाड आधी उंच वाढत राहते; दिवस लहान होऊ लागताना पेरलेले बुटके असतानाच फुलते. काही नव्या वाणांत ही सवय बरीच कमी झालेली आहे.

रोप एकदा रुजले की वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. सतत ओल राहिल्यास मुळे कुजतात. दाट लागवडीत पानांवर भुरी येते, कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसतो. सुकलेली फुले देठासकट, खालच्या फुटव्यापर्यंत कापत राहिल्यास बहर लांबतो.

बी ठेवायचे तर काही स्तबके झाडावरच पूर्ण वाळू द्यावीत. फळे तपकिरी-काळी होऊन सुटी होतात. बायपिन्नॅटस स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही, मधमाश्या व इतर कीटक दुसऱ्या झाडाचा पराग आणतात. म्हणून शेजारी वेगळ्या रंगाची झाडे असली, तर घरच्या बियांतून मूळ रंगच मिळेल असे धरून चालू नये. चॉकलेटसारख्या वासाची, गडद लाल फुलांची कॉसमॉस अॅट्रोसँग्विनियस ही जाती मात्र बहुवर्षायू असून बागांत मुख्यतः कंद व छाटांपासूनच वाढवली जाते.